फिरत्या मानेचा वायपर

कचेरीच्या दुसऱ्या मजल्यावरची, आवक टेबलाजवळची काच बाहेरून मळली होती. ही गोष्ट गंभीर नव्हती. काचा मळतात, त्यांनी मळावं म्हणूनच त्यांची एक बाजू बाहेर ठेवलेली असते. गंभीर गोष्ट एवढीच होती, की त्या काचेतून आवकरावांच्या आईला आवकराव दिसेनासे झाले होते.

आवकराव हे काही त्यांचं पाळण्यातलं नाव नव्हे. कचेरीत येणारा प्रत्येक कागद आधी त्यांच्या टेबलावर येई, ते त्यावर शिक्का मारत, आणि मग तो कागद आपापल्या नशिबाने पुढे जाई. इतकी वर्षं हे एकच काम केल्यावर माणसाचं खरं नाव पगारपत्रकापुरतं उरतं. त्यांची आई समोरच्या इमारतीत थोरल्या भावाकडे राहायची. दुपारी एकला ती आपल्या खिडकीशी येऊन बसे. आवकराव शिक्का खाली ठेवत, काचेपाशी जात आणि हात वर करत. पलीकडून एक बारीकसा हात वर होई. मग आई जेवायला बसे. तो हात दिसल्याशिवाय तिच्या घशाखाली घास उतरत नसे. आईला ऐकू कमी येई, त्यामुळे फोनचा उपयोग नव्हता. आणि आवकराव राहायचे गावाच्या दुसऱ्या टोकाला, संध्याकाळची बस चुकली की पुढची कधी हे बसलाही ठाऊक नसे. तेव्हा मायलेकांचा सगळा व्यवहार या एका हातावर चालला होता, आणि झकास चालला होता.

एके दुपारी वहिनींचा फोन आला.

"भाऊजी, आज हात नाही केलात?"

"केला की! चांगला दोनदा केला."

"आई म्हणतायत, नाही केला. पान वाढून ठेवलंय मघापासून, पण खिडकी सोडायला तयार नाहीत."

मागून आईचा आवाज आला. कमी ऐकू येणारी माणसं बोलतात तसा, म्हणजे सगळ्या मजल्यांना उद्देशून. "त्याला विचार, बरं आहे ना? जागा बदलली का? का म्हातारीचं तोंड बघायचा कंटाळा आला?"

आवकरावांनी काचेकडे नीट पाहिलं. त्यांना आई दिसत होती. म्हणजे आईच्या जागी एक करडा ठिपका दिसत होता. पण बाहेर लख्ख ऊन आणि आत कचेरीचा उजेड, त्यामुळे तिकडून इकडे नुसती न पुसलेली पाटी दिसत असणार. त्यांनी ताबडतोब बादलीला बोलावलं.

बादली म्हणजे सफाई कामगार. तो स्वतः क्वचित दिसे, पण त्याची बादली कुठल्या ना कुठल्या जिन्यात उभी असे, आणि बादली दिसली की माणूस कामावर आहे असं धरण्यात येई.

"काच उघडत नाही, आतून हात पोचत नाही," बादली म्हणाला. "शिडी बंद आहे."

शिडीवरून आजवर कोणी पडलं नव्हतं. पण पडू शकतं, हे एका प्रशिक्षणात कळल्यापासून ती बंद होती.

"मग लांब दांड्याचा वायपर आहे ना?"

"आहे. पण त्याची मान ताठ आहे."

त्याने करून दाखवलं. काचेच्या बरोबर खाली साहेबांच्या गाडीचं छत होतं, त्यामुळे बादलीला बाजूला उभं राहून तिरकं पुसावं लागे. आणि तिरकं पुसलं की ताठ मानेच्या वायपरचं रबर फक्त एका कोपऱ्याने काचेला टेके. बरीच झटापट झाल्यावर काचेच्या तळाशी विळ्याच्या आकाराचा एक पट्टा निघाला. त्यातून आवकरावांचे गुडघे स्वच्छ दिसू लागले. आईने नुसत्या गुडघ्यांवरून मुलगा ओळखायला साफ नकार दिला.

"फिरत्या मानेचा मिळतो बाजारात," बादली घाम पुसत म्हणाला. "खाली कुठंही उभं राहा, वर तो काचेला सपाट टेकतो."

"मग आणू या!"

हे वाक्य भांडारप्रमुखांनी ऐकलं. त्यांना सगळे कुलूपकाका म्हणत. "आणू या म्हणून वस्तू येत असत्या," ते शांतपणे म्हणाले, "तर कचेऱ्या कशाला बांधल्या असत्या? अर्ज करा."

आवकरावांनी अर्ज लिहिला, आवक टेबलावर स्वतःच स्वतःला दिला, त्यावर शिक्का मारला आणि साहेबांकडे पाठवला. साहेबांनी तो वाचला आणि म्हणाले, "चांगला विषय आहे."

एखाद्या गोष्टीला साहेब विषय म्हणाले की ती गोष्ट व्हायची थांबते आणि तिच्यावर चर्चा सुरू होते. काचपुसणी उपकरण निवड समिती नेमण्यात आली. अध्यक्ष साहेब. सदस्य कुलूपकाका आणि लेखा शाखेतल्या बाई. ह्या बाई कागद उलटा धरूनही त्यात त्रुटी काढू शकत, म्हणून त्यांचं नाव आक्षेपबाई. सचिव अर्थातच आवकराव. ज्याने विषय काढला त्याच्याच गळ्यात तो बांधायचा, अशी कचेरीची जुनी पद्धत होती, आणि त्यामुळे तिथे विषय फारसे निघत नसत.

"प्रश्न मानेचा आहे," पहिल्या बैठकीत साहेब म्हणाले, आणि सगळ्यांनी आपापल्या माना हलवल्या.

आवकरावांनी माहिती सांगितली. बाजारात तीन जाती होत्या. एक ताठ मानेचा. एक मोकळ्या मानेचा, जो काचेला टेकताच आपणहून वळतो. आणि तिसरा असा, की त्याची मान हव्या त्या कोनात वळवायची आणि कळ दाबून तिथेच पक्की करायची.

"ताठ मानेचा आपल्याकडे आहे," कुलूपकाका म्हणाले. "घरात एक असताना दुसरा आणला तर पहिल्याचं काय? त्याला काय वाटेल, असं नाही म्हणत मी. पण त्याला ठेवायचं कुठे?"

"मोकळी मान म्हणजे नेमकी किती मोकळी?" आक्षेपबाईंनी चष्मा काढला. "पूर्ण वळत असेल, तर ती काचेकडे पाठही करू शकते. पाठ करून पुसलेल्या काचेची जबाबदारी कोणाची?"

"कळवाला घ्यावा," आवकराव म्हणाले. "त्याने काम होईल."

"होईल हो," साहेब म्हणाले. "पण कळ कोण दाबणार?"

"बादली."

"त्याला तसे अधिकार आहेत?"

सगळे आपापले कागद सरळ करू लागले. अधिकाराचा प्रश्न निघाला की त्या खोलीत नेहमीच कागद सरळ होत. पंखासुद्धा जरा हळू फिरे. शेवटी असं ठरलं, की मत देण्याऐवजी चाचणी घ्यावी. एकाच काचेचे तीन उभे पट्टे पाडावेत, प्रत्येकावर एकेक जात चालवावी, आणि जी सरस ठरेल ती घ्यावी. काच कोणती घ्यायची यावर मात्र मुळीच वाद झाला नाही. आवक टेबलाजवळची काच सर्वांत मळकी होती.

"पण तुलना न्यायाने व्हायची तर मळ सारखा हवा," आक्षेपबाई म्हणाल्या. "चाचणीपर्यंत त्या काचेला कोणी हात लावता कामा नये."

"अर्थात!" साहेब म्हणाले.

आवकरावांनी तसं इतिवृत्तात लिहिलं. लिहिताना त्यांना काहीतरी खटकलं, पण वाक्य व्याकरणाने बरोबर होतं.

बादलीकडचं सफाईचं काम तात्पुरतं काढून घेण्यात आलं आणि काचेवरचा मळ कोणी बिघडवू नये म्हणून त्याला मळरक्षक नेमण्यात आलं. त्याला एक शिट्टी मिळाली. आणि काय आश्चर्य, पूर्वी जो माणूस शोधून सापडत नसे तो आता काचेखालून हलेना. कबुतर जरी काचेजवळून गेलं तरी शिट्टी वाजे.

"वहिनी, आईला सांगा, मी रोज हात करतोय," आवकराव फोनवर म्हणाले. "फक्त दिसत नाही, एवढंच. आता समिती नेमलीय."

वहिनींनी ओरडून निरोप पोचवला. पलीकडून आई किंचाळली, "समिती? अगं बाई! डॉक्टर काय म्हणाले?"

"आई जेवल्या नाहीत अजून," वहिनी म्हणाल्या. "गोळी जेवणानंतरची आहे, ती पण तशीच. तुमचं ते लवकर होईल तर बघा."

आवकरावांनी दुसरी बैठक लवकर बोलवायचा प्रस्ताव पाठवला. तिसऱ्या बैठकीत तो मंजूर झाला.

मग एका दुपारी ध्यानीमनी नसताना पावसाची जोरदार सर आली. वारं तिरकं होतं. सगळ्या काचेवर न पडता ते पाणी नेमकं उजव्या पट्ट्यावरून वाहिलं आणि तो पट्टा डोळ्यांदेखत आरशासारखा झाला. एक वाजत होता. आवकराव खुर्ची पाडून धावले आणि त्यांनी हात वर केला. समोर आई होती. ठिपका नव्हे, आई. पांढरे केस, खांद्यावर शाल. तिने आधी डोळ्यांवर हात धरून पाहिलं, मग एकदम दोन्ही हात वर केले. मग ती उठून आत गेली. आवकरावांना वाटलं, झालं आता, जेवायला गेली. पण ती ताट घेऊन परत आली आणि खिडकीतच बसून, त्यांच्याकडे बघत बघत जेवू लागली. मध्येच तिने एक घास त्यांच्या दिशेने उचलून दाखवला. आवकरावांनी नाही नाही, तूच खा, अशी खूण केली.

तेवढ्यात खालून शिट्टी वाजली.

मळाचं नुकसान झालं होतं. तातडीची बैठक भरली. आक्षेपबाईंनी उजवा पट्टा उरलेल्या दोहोंपेक्षा स्वच्छ असल्याचं जागेवर जाऊन पाहिलं आणि अशा परिस्थितीत चाचणी म्हणजे डाव्या आणि मधल्या वायपरवर उघड अन्याय होईल, असं मत दिलं. उजवा पट्टा पूर्ववत करावा लागणार होता. त्यासाठी सचिवांची सही हवी होती.

आवकरावांनी पेन हातात घेऊन खिडकीबाहेर पाहिलं. आई ताक पीत होती.

"सही करा हो," साहेब मायेने म्हणाले. "घाई तुम्हालाच आहे ना? मळ सारखा झाल्याशिवाय चाचणी नाही, चाचणीशिवाय खरेदी नाही."

यात चूक काढण्यासारखं काही नव्हतं. आवकरावांनी सही केली. बादलीने सूपभर माती आणली, गच्चीवर गेला आणि वरून ती अशा काही बेताने ओतली, की इतक्या वर्षांत त्याने कुठलं काम इतकं मन लावून केल्याचं कोणाला आठवेना. काचेवर ताडपत्रीही लावली गेली. पाऊस आला की ती खाली सोडायची.

इथून पुढे आवकरावांच्यात बदल होत गेला. सुरुवातीला ते माहिती गोळा करत होते ती काम उरकावं म्हणून. मग त्यांना त्यात गोडी लागली. रबर कडक असावं की मऊ, दांडा एकसंध असावा की नळीतून नळी निघणारा, मान किती अंशांपर्यंत वळावी, यावर ते इतकं बोलू लागले की इतर शाखांतून लोक सल्ला घ्यायला येऊ लागले. ज्या माणसाकडे इतकी वर्षं फक्त कागद येत होते, त्याच्याकडे माणसं येऊ लागली. चहा त्यांच्या टेबलावर आधी येऊ लागला.

"पहाटे झोपेत मला म्हणालात, जरा डावीकडे," त्यांची बायको एकदा म्हणाली. "मी सरकले. तर म्हणालात, हं, आता कळ दाबा. कसली कळ हो?"

"विषय मोठा आहे," आवकराव म्हणाले.

पुढच्या बैठकीत पेच निघाला. सूपभर माती टाकूनही उजव्या पट्ट्यावरचा मळ ओतलेला वाटत होता, साचलेला नव्हे. आक्षेपबाई समाधानी नव्हत्या. तेव्हा आवकराव उठले आणि त्यांनी ती सूचना केली, जिच्यामुळे पुढे त्यांचं नाव मुख्य कचेरीपर्यंत गेलं.

"मळ नैसर्गिकच हवा," ते म्हणाले. "आपला माळी समोरच्या रस्त्यावर रोज सकाळी पाणी मारतो, त्यामुळे धूळ बसते. पाणी बंद करू. धूळ मोकळेपणाने उडेल आणि तिन्ही पट्ट्यांवर आपसूक सारखी बसेल."

साहेबांनी टाळी वाजवली. कुलूपकाकांनी माळ्याची नळी कुलपात घातली. आक्षेपबाईंचा, नोकरीत पहिल्यांदाच, काही आक्षेप नव्हता.

धूळ उडाली. अशी उडाली, की समोरचे दुकानदार दाराला पडदे लावून बसू लागले आणि रस्त्याने जाणारी माणसं तोंडावर रुमाल धरून एकमेकांना ओळखीनाशी झाली. काचेवर कडेपासून कडेपर्यंत एकसारखा तपकिरी थर बसला. करडा ठिपकाही आता दिसेना. काच भिंतीसारखी झाल्यामुळे कोणीतरी तिच्यावर कॅलेंडर लावलं. आवकरावांनी समाधानाने त्या थराकडे पाहिलं. इतका समतोल मळ त्यांनी आयुष्यात पाहिला नव्हता.

वहिनींचा फोन आला तेव्हा ते बैठकीत होते. त्यांनी नंतर केला.

"मी आता खोटंच सांगते," वहिनी म्हणाल्या. "एक वाजला की म्हणते, केला हो आई, भाऊजींनी हात केला, तुम्ही बघत नव्हतात. मग येतात पानावर."

"हे बेस झालं!" आवकराव म्हणाले. त्यांच्या छातीवरचं ओझं उतरलं. त्याच दिवशी त्यांनी इतिवृत्तात 'पर्यायी व्यवस्था कार्यान्वित' अशी नोंद करून घेतली.

"पण त्या विचारतात, कुठला हात केला? उजवा असेल तर म्हणे तुमचा खांदा बरा झाला असणार. काय सांगू?"

आवकरावांनी खांदा हलवून पाहिला. दुखत होता.

"उजवा सांगा," ते म्हणाले.

चाचणीचा दिवस उजाडला. ताठ मानेच्या वायपरने आपला नेहमीचा विळा काढला. मोकळ्या मानेचा वायपर काचेला टेकला, पण बादलीने दांडा हलवताच त्याची मान वळली, आणि ती अशी वळली की थेट खाली उभ्या असलेल्या साहेबांकडे पाहू लागली. बादली उजवीकडे सरकला, साहेब डावीकडे सरकले, तरी मान साहेबांकडेच. साहेब प्रसन्न झाले. "याला माणसांची जाण आहे," ते म्हणाले. काचेचं मात्र तिला काही पडलेलं नव्हतं. तिसऱ्याची मान बादलीने वळवली, कळ दाबली, आणि रबर वरपासून खालपर्यंत एका झटक्यात असं आलं की मागे काच उरली की नुसती हवा, कळेना.

समितीवर संकट कोसळलं. निकाल उघड होता. निकाल उघड असला की समितीने काय करायचं, याबद्दल नियमांत काही सांगितलेलं नव्हतं.

"हा पट्टा इतका स्वच्छ झालाय," आक्षेपबाई हळूच म्हणाल्या, "की त्यामुळे बाकीच्या सगळ्या काचा घाण दिसतायत. ही आधीची स्थिती नव्हती. हे दायित्व या उपकरणामुळे निर्माण झालंय."

बरीच भवति न भवति झाली. अखेर कळवाला वायपर घ्यायचा ठरला, अटी दोन. प्रत्येक खिडकीसाठी मानेचा कोन समितीने मंजूर करायचा. आणि दुरुपयोग टाळण्यासाठी कळ काढून कुलूपकाकांच्या ताब्यात ठेवायची. कोन मंजूर होईपर्यंत काचेवर ताडपत्री सोडून ठेवण्यात आली.

आवक टेबलाजवळच्या काचेचा कोन खास बाब म्हणून पहिल्याच बैठकीत मंजूर झाला. पुसण्याचा छोटासा समारंभ झाला. साहेबांनी आवकरावांचा चिकाटीचे मूर्तिमंत उदाहरण म्हणून गौरव केला. बादलीने शिट्टी परत केली, ताडपत्री वर घेतली आणि जड अंतःकरणाने काच पुसली. इतके दिवस जिवापाड जपलेली गोष्ट स्वतःच्या हाताने पुसून टाकायची म्हणजे कोणाचंही मन जड होणारच. कॅलेंडर उतरवण्यात आलं. उजेड आत आला आणि आवकरावांचं टेबल बऱ्याच दिवसांनी मूळ रंगाचं दिसलं.

एक वाजला. सगळी शाखा मागे उभी होती. आवकराव काचेपाशी गेले आणि त्यांनी हात वर केला. उजवा.

समोर तपकिरी भिंत होती.

त्यांनी डोळे चोळले. भिंत नव्हे, खिडकीच होती ती. भावाच्या घराची. तिच्या काचेवर कडेपासून कडेपर्यंत, वरपासून खालपर्यंत, एकसारखा, अतिशय समतोल थर होता.

त्यांनी फोन लावला.

"आहेत ना आई, इथेच बसल्यात," वहिनी म्हणाल्या. "हल्ली रोज बसतात, सवयीने. काही दिसत नाही म्हणा. रस्त्यावर धूळ किती ती! आमची काचही बाहेरून पुसता येत नाही."

"वहिनी, आमची झाली स्वच्छ! मी हात केलाय. आत्ता, या घटकेला, वर आहे!"

वहिनींनी ओरडून सांगितलं. मग आईचा आवाज आला, पण या वेळी सगळ्या मजल्यांना उद्देशून नव्हता. "हो का," ती म्हणाली. "रोजच करतो तो. तू सांगतेस की."

आवकरावांचा हात हळूहळू खाली आला. त्यांना भडभडून आलं. आईसाठी काहीतरी केलंच पाहिजे, आणि आत्ताच्या आत्ता केलं पाहिजे, असं त्यांना पोटातून वाटलं. त्यांनी घड्याळाकडे पाहिलं. जेवणाची सुट्टी नुकतीच लागली होती, हाताशी भरपूर वेळ होता. त्यांनी खुर्ची ओढली, घसा साफ केला आणि फोन कानाशी घट्ट धरला.

"वहिनी, नीट ऐका," ते म्हणाले. "दादाला म्हणावं, ताठ मानेचा मुळीच घेऊ नको. मोकळ्या मानेचाही नको. कळवालाच आण."

दोन्ही इमारतींच्या मधला रस्ता तसा अरुंद आहे. दुपारी रहदारीही नसते, आणि समोरच्या इमारतीचा जिना अगदी दारातच आहे. इतक्या बैठका झाल्या, पण ही गोष्ट समितीत कोणाच्याच ध्यानात आली नाही. समितीला हसण्याचा हक्क आपल्याला आहेच. फक्त इथवर येताना वायपर तीन जातींपैकी कुठला घ्यावा, हे तुम्हीही मनाशी ठरवून ठेवलं असेल. आणि हा गृहस्थ सरळ रस्ता ओलांडून आईकडे जेवायला का जात नाही, हे विचारायचं तुमच्याकडूनही राहूनच गेलं असेल.